बाळूच्या पानथरीवर (प्लीहेवर) गाठ आहे. ऑपरेशन करावं की नको?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ११.४०

एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आज विचारायला दुसरी जागा सुचली नाही. आम्ही वाईचे. आमचा बाळू लॅब्राडॉर आहे, वय १० वर्षं ४ महिने, वजन ३१ किलो. गुरुवारी सकाळी घाटावरून फिरून आला, अंगणात मागचे पाय गळाल्यासारखा बसला आणि उठेचना. हिरड्या बघितल्या तर चुन्यासारख्या पांढऱ्या. आई म्हणाली, ऊन लागलं असेल. तासाभराने पाणी प्यायला, दुपारी उठला, रात्री भाकरीही खाल्ली. शुक्रवारी इतका बरा होता की दवाखान्यात न्यायचं रद्द करणार होतो. तरी नेला.

रक्तात पॅक्ड सेल व्हॉल्यूम, म्हणजे तांबड्या पेशींचं प्रमाण, २६ टक्केच आलं, प्लेटलेटही कमी. डॉक्टरांना आधी गोचीडताप वाटला, आमच्या भागात तोच जास्त. पण पोट चाचपताना त्यांचा हात एका जागी थांबला. सोनोग्राफीत पानथरीवर ७ सेंटिमीटरची गाठ दिसली, आत कप्पे कप्पे, आणि पोटात थोडं पाणी. सुईने काढून बघितलं तर ते रक्त होतं. नळीत बराच वेळ ठेवलं तरी गोठलं नाही.

एका डॉक्टरांचं म्हणणं, वय झालंय, कॅन्सरच असणार, त्याला त्रास देऊ नका. दुसरे म्हणतात, लगेच पोट उघडा. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की गाठ कसली आहे हे पोट उघडण्याआधी कळण्याचा काही मार्ग आहे का? सुईने तुकडा का काढत नाहीत? आणि पानथरीच काढून टाकली तर तो जगेल का?

आत्ता माझ्या पायाशी झोपलाय. मधून मधून हिरड्या बघतोय.

गच्चीवरची_बाग | रविवार, रात्री ११.५८

कृष्णाकाठ, वाचून हात गार पडले. आमची सोनी, गोल्डन रिट्रीव्हर, ९ वर्षांची, अगदी अशीच दोनदा बसली आणि दोन्ही वेळा उठली. आम्ही दोन्ही वेळा ऊन समजलो. तिसऱ्यांदा कोसळली ती रात्री दोनला, आणि दवाखान्याच्या दारातच गेली. नंतर कळलं की पानथरीवरची गाठ फुटली होती. तुम्ही शुक्रवारी नेलंत ते फार बरं केलंत. मी हे इतकी वर्षं कुठे लिहिलं नव्हतं.

सायली_पशुवैद्य | सोमवार, पहाटे ५.२०

कृष्णाकाठ, आधी कामाचं. आजपासून जिना, उड्या, पळणं बंद. लघवीपुरता पट्ट्यावर बाहेर न्या आणि उचलायची वेळ आली तर पोटाखाली हात घालू नका.

गुरुवारी जे झालं ते ऊन नव्हतं. गाठीतून पोटात रक्त आलं आणि काही वेळाने आपोआप थांबलं. पोटात सांडलेल्या रक्तातलं बरंचसं शरीर परत शोषून घेतं, म्हणून कुत्रा दुसऱ्या दिवशी ठणठणीत दिसतो. सोनीच्या बाबतीतही तेच झालं असणार. गच्चीवरची_बाग, ही चूक कोणाच्याही हातून होते. आम्हा डॉक्टरांच्या हातूनही होते, कारण आमच्यापुढे येईपर्यंत कुत्रा शेपटी हलवत असतो.

गाठ कसली? मी परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजात शिकले. पानथरीच्या गाठींबद्दल आमच्या अभ्यासात दोन तृतीयांशांचा नियम असतो. गाठ असलेल्या तीन कुत्र्यांपैकी दोघांची गाठ घातक निघते आणि घातक गाठींपैकी दर तीनांतल्या दोन हिमँजिओसार्कोमाच्या असतात. हा रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींचा कर्करोग. लॅब्राडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांना उतारवयात जास्त होतो. नियम अर्थातच ढोबळ आहे. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी करताना न फुटलेली गाठ सापडली तर ती बऱ्याचदा साधी निघते. पोटात रक्त आलेलं असलं की पारडं वाईटाकडे झुकतं. बाळू दुसऱ्या गटात आहे, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण साधा हिमॅटोमा, म्हणजे साकळलेल्या रक्ताची गाठ, किंवा वयोमानाने वाढणाऱ्या पेशींची गाठसुद्धा अशीच फुटते.

सोनोग्राफीवर या दोन्हींत फरक करता येत नाही. आत कप्पे याच्याही असतात आणि त्याच्याही. म्हणूनच "कॅन्सरच असणार" हे वाक्य त्या पडद्याकडे बघून कोणी ठामपणे म्हणू नये.

सुईचं म्हणाल तर अख्खी पानथरी एकसारखी सुजलेली असेल, लिम्फोमा किंवा मास्ट सेल ट्यूमर या कर्करोगांचा संशय असेल, तर बारीक सुईने पेशी काढून निदान होतं. रक्ताने भरलेल्या गाठीत सुई घातली की रक्तच येतं, कामाच्या पेशी हाती लागत नाहीत, आणि गाठीतून पुन्हा रक्त सुटण्याचा धोका वाढतो. इथे निदान आणि उपचार एकाच वेळी होतात. पानथरी काढायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची.

पोट उघडण्याआधी मात्र हे करून घ्या. छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी: डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि उताणं किंवा पालथं. एकाच बाजूच्या फोटोत फुप्फुसातले छोटे डाग निसटतात. हृदयाचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कारण हाच कर्करोग हृदयाच्या उजव्या कप्प्यावरही बसतो. रक्त गोठण्याच्या तपासण्या. आणि रक्तदाता कुत्रा शोधून ठेवा. हे शेवटचं लोक विसरतात आणि मग ऑपरेशनच्या टेबलावर आठवतं. एको कुठे होईल कळत नसेल तर शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय तुम्हाला खंबाटकी घाटाच्या पलीकडेच आहे, तिथे चौकशी करा.

माळावरचा | सोमवार, सकाळी ८.१०

आमच्या आजोबांकडे गावातले लोक पानथरीसाठी यायचे. उन्हाळी म्हणजे शरपुंखाचं मूळ ताकात वाटून द्यायचे. संस्कृतात त्या झाडाला प्लीहशत्रूच म्हणतात. पोट फुगलेली पोरं बरी होताना मी पाहिली आहेत. ऑपरेशनच्या आधी आठवडाभर देऊन बघायला काय हरकत आहे? सोबत पपईच्या पानांचा रस, प्लेटलेटसाठी.

सायली_पशुवैद्य | सोमवार, सकाळी ९.०५

माळावरचा, तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवूनच लिहिते. त्या काळी गावात पानथरी वाढायची ती बहुतेक हिवतापाने. ती सूज होती, ताप गेला की उतरायची. इथे गाठ आहे आणि ती एकदा फुटली आहे. औषध लागू पडेल की नाही हा पुढचा प्रश्न झाला. खरा धोका त्या आठवडाभराच्या वाट बघण्यात आहे. शिवाय कडू रस पाजायला दोघांनी कुत्र्याला दाबून धरायचं, त्याने धडपडायचं, हे बाळूला आत्ता अजिबात परवडणार नाही.

माळावरचा | सोमवार, सकाळी ९.३०

पटलं. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

रानवाट | सोमवार, दुपारी १.१५

थोडं वेगळं मत मांडतो. आमच्या जर्मन शेफर्डचं ऑपरेशन आम्ही केलं नाही. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत डाग होते, हृदयावर गाठ होती. घरी, त्याच्या गोधडीवर, डॉक्टरांना बोलावून त्याला शांतपणे जाऊ दिलं. त्याचा पश्चात्ताप नाही. पण आम्ही ते सगळं तपासून ठरवलं होतं. तुम्हीही आधी तपासा. फुप्फुसं आणि हृदय स्वच्छ असेल तर मी तुमच्या जागी ऑपरेशन केलं असतं.

आणि रक्तदात्याची काळजी करू नका. मी कात्रजला राहतो. माझा भीमा ४ वर्षांचा आहे, ३६ किलो, लसीकरण पूर्ण. व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

मीठभाकर | सोमवार, संध्याकाळी ७.४०

माणसांचा अनुभव लिहिते, कदाचित धीर येईल. माझ्या नवऱ्याची पानथरी ६ वर्षांपूर्वी दुर्बिणीतून काढली. पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली आणि गाठ सापडली. सीटी झालं, पेट स्कॅन झालं, तरी नक्की काही सांगता येईना. शेवटी काढली. रक्तवाहिन्यांची साधी गाठ निघाली. माणसाची पानथरी दीडदोनशे ग्रॅमची, नवव्या ते अकराव्या बरगडीखाली लपलेली. ती नसली तरी माणूस जगतो, कामावर जातो, ट्रेकला जातो.

पण काही गोष्टी आयुष्यभर मागे लागतात. ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंच्या लशी दिल्या. नंतर प्लेटलेट खूप वर गेल्या, त्यासाठी काही दिवस गोळ्या होत्या. ताप आला की घरी वाट बघायची नाही, थेट दवाखाना, कारण पानथरी नसलेल्या माणसात जंतू काही तासांत रक्तभर पसरू शकतात. पाकिटात आम्ही तशी चिठ्ठी ठेवतो. आणि या धाग्यावर हे मुद्दाम लिहिते: कुत्रा चावला किंवा उघड्या जखमेला त्याने चाटलं तरी पानथरी नसलेल्या माणसाने ताबडतोब डॉक्टर गाठायचा. कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू इतरांना सहसा काही करत नाही, अशा माणसाला जिवावर बेततो. आमच्याकडेही कुत्री आहे. नवरा तिचे लाड करतो, फक्त हाताला कापलेलं असलं की लांब राहतो.

सायली_पशुवैद्य | सोमवार, रात्री १०.००

मीठभाकर, फार मोलाचं लिहिलंत. एक फरक सांगते. माणसात पानथरीचा असा रक्तवाहिन्यांचा कर्करोग अतिशय दुर्मीळ आहे, कुत्र्यांत तो नेहमीचा. म्हणून माणसाच्या अनुभवावरून आशा किंवा भीती दोन्ही मोजू नयेत. पानथरीशिवाय कुत्रे चांगले राहतात, त्यांना माणसांसारख्या लशींची गरज पडत नाही. आपल्याकडे भीती गोचिडांची. पानथरी नसलेल्या कुत्र्याला बबेसिया, म्हणजे गोचिडांतून येणारा रक्ताचा आजार, झाला तर तो जोरात होतो, कारण जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी रक्तातून गाळून काढणारा अवयवच उरलेला नसतो. गोचिडांचं औषध एकही महिना चुकवायचं नाही.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९.३०

एक्स-रे तिन्ही बाजूंनी स्वच्छ. एकोत हृदय स्वच्छ. यकृतावर एकदोन ठिपके आहेत, "नक्की सांगता येत नाही" असं लिहिलंय. उद्या पुण्यात ऑपरेशन. आईने त्याच्या कपाळाला अंगारा लावलाय.

सायली_पशुवैद्य | बुधवार, रात्री ९.५०

ठिपक्यांबद्दल एक गोष्ट आजच मनात पक्की करून ठेवा, कारण उद्या विचार करायला वेळ मिळणार नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या यकृतावर साध्या गाठी नेहमी असतात. डोळ्यांनी बघून त्या पसरलेल्या कर्करोगासारख्या वाटू शकतात. यकृतभर रक्ताळलेल्या गाठी असतील तर गोष्ट वेगळी. पण एकदोन ठिपके दिसले म्हणून टेबलावरच झोपवायचा निर्णय घेऊ नका. तुकडा घ्यायला सांगा.

कृष्णाकाठ | शुक्रवार, सकाळी ११.००

काल लिहायची ताकद नव्हती.

सकाळी भीमाचं रक्त बाळूला चढवलं. त्याआधी दोघांचं जुळतं का ते तपासलं, भीमाची गोचीडतापाची तपासणीही केली. रानवाट, तुमच्या मुलीने भीमाच्या गळ्यात फुलांची माळ घातली होती, ते मी कधी विसरणार नाही.

साडेअकराला आत नेलं. पाऊण तासाने सर्जननी बाहेर निरोप पाठवला: यकृतावर दोन गडद ठिपके आहेत, पुढे जायचं की थांबायचं? सायलीताई, तुमचं वाक्य पाठ झालं होतं. मी म्हटलं, तुकडा घ्या, पानथरी काढा आणि पोट बंद करा. आवाज फुटत नव्हता, दोनदा सांगावं लागलं.

नंतर सर्जननी सगळं नीट समजावलं. छातीच्या हाडापासून बेंबीच्या खालपर्यंत मधोमध छेद. आधी पोटातलं रक्त ओढून काढलं. मग गाठीला धक्का न लावता पानथरी हळूहळू बाहेर उचलून घेतली, कारण ती पोटात फुटली तर पेशी सगळीकडे सांडतात. पानथरीला जाणाऱ्या रक्तवाहिन्या एकेक करून बांधल्या. तिथेच स्वादुपिंडाचं टोक असतं, त्याचा रक्तपुरवठा सांभाळावा लागतो. गाठीचा संशय असल्यावर अर्धी पानथरी ठेवत नाहीत, पूर्णच काढतात. काट्यावर ठेवली तेव्हा ९४० ग्रॅम भरली.

रात्री हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले. त्यांनी आधीच बजावलं होतं की या ऑपरेशननंतर पहिले एकदोन दिवस असं होतं, म्हणून ईसीजी लावूनच ठेवला होता. सलाइनमधून लिग्नोकेन दिलं. पहाटे ठोके सुधारले. आत्ता डोळे उघडून बघतोय.

गच्चीवरची_बाग | शुक्रवार, सकाळी ११.०४

देवा. वाचताना रडले. आता टाक्यांना तोंड लावू देऊ नका, गळ्यातली कॉलर काढू नका.

कृष्णाकाठ | ९ दिवसांनी, संध्याकाळी ६.१५

रिपोर्ट आला! पानथरी: हिमॅटोमा. कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. यकृत: वयोमानाची साधी गाठ. घरात पेढे आणले. बाळूने अंगणात दोन फेऱ्या मारल्या. सगळ्यांचे उपकार कसे मानू.

सायली_पशुवैद्य | त्याच दिवशी, रात्री ८.३०

कृष्णाकाठ, यकृताचं वाचून खूप आनंद झाला. पण मला एक प्रश्न विचारलाच पाहिजे. पानथरीचे किती तुकडे प्रयोगशाळेत गेले होते?

कृष्णाकाठ | त्याच दिवशी, रात्री ८.४१

रिपोर्टवर "एक तुकडा, ३ सेंटिमीटर" असं आहे. दवाखान्यातून तेवढाच गेला असावा. का?

सायली_पशुवैद्य | त्याच दिवशी, रात्री ९.१०

हे लिहिताना मला वाईट वाटतंय. हिमँजिओसार्कोमाच्या गाठीतला मोठा भाग नुसतं साकळलेलं रक्त असतं, कर्करोगाच्या पेशी एखाद्या कोपऱ्यात असू शकतात. रक्ताच्या मधल्या भागातून एकच तुकडा घेतला तर उत्तर हिमॅटोमा येतं, आणि ते त्या तुकड्यापुरतं खरंही असतं. म्हणून अख्खी पानथरी पाठवावी, नाहीतर वेगवेगळ्या जागांचे पुष्कळ तुकडे, विशेषतः गाठ आणि चांगली पानथरी जिथे मिळतात त्या सीमेवरचे. उरलेली पानथरी फॉर्मेलिनमध्ये ठेवली आहे का, ते उद्या विचारा. टाकून दिली नसेल तर अजून वेळ गेलेली नाही.

कृष्णाकाठ | ८ दिवसांनी, दुपारी ३.३०

पानथरी ठेवलेली होती. दुसऱ्या प्रयोगशाळेत अकरा तुकडे गेले. त्यांतल्या दोनांत हिमँजिओसार्कोमा. दोन्ही सीमेवरचे.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिचे पेढ्यांचे डबे परत यायचे आहेत शेजारून.

मला कोणावर राग काढायचा नाही. पण हे वाचणाऱ्या प्रत्येकाने ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवावं: पानथरी पूर्ण पाठवा, आणि पाठवता येत नसेल तर जपून ठेवा. आता पुढे काय, ताई?

सायली_पशुवैद्य | त्याच दिवशी, दुपारी ४.२०

आकडे सरळ सांगते. नुसत्या ऑपरेशनवर निम्म्याहून अधिक कुत्रे एक ते तीन महिन्यांत जातात. त्यावर डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध दिलं तर साधारण चार ते सहा महिने मिळतात. वर्ष ओलांडणारे दहातला एखादाच. बाळूची गाठ फुटलेली होती पण दूर पसरलेली दिसली नाही, म्हणजे दुसरी अवस्था.

डॉक्सोरुबिसिन दर तीन आठवड्यांनी एकदा शिरेतून देतात, चार ते सहा वेळा. औषध लालभडक असतं. शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं, म्हणून ज्यांचा त्यात हात बसलेला आहे त्यांच्याकडूनच घ्या. दर डोसआधी रक्त तपासतात. डोसनंतर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा ताप आला तर लगेच न्यायचं. हृदयावर परिणाम साठत जातो, म्हणून मध्ये एको. एकदोन दिवस लघवी लालसर होते, ती साफ करताना हातमोजे घाला. माणसांसारखे सगळे केस जात नाहीत, मिशा मात्र जातात कधीकधी. बहुतेक कुत्रे हे चांगलं सोसतात, कारण आमचा हेतू त्याला बरे दिवस मिळावेत हा असतो आणि डोस त्या बेताने ठरवलेला असतो.

काहीच न करणं हाही निर्णय आहे, आणि तो घेतलात तर मी तुम्हाला कमी प्रेमळ मानणार नाही.

रानवाट | त्याच दिवशी, रात्री १०.३०

जे ठरवाल त्यात सोबत आहे. पुण्यात मुक्काम करावा लागला तर आमचं घर आहे. भीमा आता बाळूचं नाव घेतलं की कान टवकारतो.

कृष्णाकाठ | ऑपरेशननंतर जवळपास तीन महिन्यांनी, रात्री ९.००

बरेच जण व्यनि करून विचारतात, म्हणून इथेच लिहितो. तीन डोस झाले. पहिल्यानंतर दोन दिवस जेवला नाही, दुसऱ्यानंतर एकदा उलटी, तिसऱ्यानंतर काहीच नाही. मिशा गेल्या. वजन ३० किलो. कालच्या सोनोग्राफीत पोट स्वच्छ, एको ठीक. सकाळी घाटावर जातो, पायऱ्या मात्र मी उतरू देत नाही. आईला सगळं माहीत आहे. ती रोज त्याच्या हिरड्या माझ्याआधी बघते आणि मला "गुलाबी" एवढंच सांगते.

उद्या चौथा डोस. पहाटे पाचला निघू, म्हणजे खंबाटकीत अडकणार नाही.

नवा_सभासद_भोर | त्याच दिवशी, रात्री ११.२५

नमस्कार, आत्ताच खाते उघडलं. आमचा ८ वर्षांचा कुत्रा संध्याकाळी अचानक बसला, आता उठलाय, पाणी प्यायलाय. शोधताना हा धागा सापडला. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

कृष्णाकाठ | रात्री ११.२७

दादा, आत्ता त्याचा ओठ वर करा आणि बॅटरीच्या उजेडात हिरड्या बघा. रंग सांगा.

नवा_सभासद_भोर | रात्री ११.३१

पांढऱ्या आहेत.

कृष्णाकाठ | रात्री ११.३२

गाडी काढा. त्याला चालवू नका, चादरीवर घालून दोघांनी उचला. पुण्यातल्या रात्री उघड्या दवाखान्याचा फोन व्यनित टाकलाय, माझाही नंबर आहे. मी जागाच आहे.